सत्त्याण्णव कोरड्या सकाळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजेच आमच्या जलखात्याचे मुख्य अभियंता. वयाची पंच्याऐंशी ओलांडूनही दोन जिने चढून व्यासपीठावर येऊन बसलेले आमचे थोरले साहेब. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारी आमच्या सांख्यिकी विभागातली सहायक. समोर जमलेले माझे सहकारी, आमच्या आधी निवृत्त झालेली मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसून आत्ताच घड्याळाकडे बोट दाखवणारी माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. घरून पाचच मंजूर आहेत. पण आज मी थोडा जास्त वेळ घेणार आहे आणि त्याबद्दल आधीच हात जोडतो. थोरले साहेब, कानातलं यंत्र चालू आहे ना? नाही, ते बंद ठेवून भाषणं ऐकायची तुमची जुनी सवय मला ठाऊक आहे. आज चालू करा. आजच्या बोलण्यात तुमचाही संबंध येतो.

सदतीस वर्षं या इमारतीत काढली. या सभागृहात मी किती निरोप समारंभ पाहिले असतील? शंभर तरी असतील. प्रत्येक वेळी जाणारा माणूस देवमाणूस निघतो. ज्याच्याशी कालपर्यंत फायलीवरून हमरीतुमरी चालायची, तो आज खात्याचा आधारस्तंभ होतो. मीही अशी भाषणं ठोकली आहेत, तेव्हा तक्रारीला जागा नाही. मला जिन्यात सगळे 'सरासरीकाका' म्हणतात हेही मला माहीत आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण आपल्या जिन्यात आवाज फार घुमतो.

मघाशी अध्यक्ष महोदयांनी मानपत्र वाचलं. फार सुंदर लिहिलंय. त्यात एक वाक्य आहे. 'आकड्यांशी कधीही प्रतारणा न करणारा माणूस.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. माझी नात उभी राहून वाजवत होती. आणि मला, खरं सांगतो, खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. तुम्हाला वाटलं असेल, गहिवरलाय बिचारा. गहिवरलो नव्हतो. लाज वाटत होती.

त्यानंतर तुम्ही मला ही भेट दिलीत. मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून उचलून दाखवतो. काच, लाकडी चौकट आणि आत माझा वक्र. पहिल्या मजल्यावरच्या बोळात सव्वीस वर्षं जो टांगलेला आहे, त्याचीच ही नवी छपाई. खाली लिहिलंय, 'चाळीस वर्षांच्या वार्षिक पावसाचे वितरण'. हा वक्र आपल्या खात्याच्या पुस्तिकेत आहे, प्रशिक्षणात शिकवला जातो. या वक्रावर एक तळं बांधलं गेलं. दिसायला देखणा आहे, नाही? आज मला याच्याबद्दलच बोलायचं आहे.

इथे घरची मंडळी आहेत, मुलं आहेत, त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. आकडेवाले लोक जरा कळ काढा. समजा, एखाद्या शाळेत वर्गाचा फोटो काढायचा आहे. मुलं उंचीप्रमाणे उभी केली. मधल्या उंचीची पोरं बक्कळ असतात, दोन्ही टोकांना गर्दी कमी होत जाते. एका टोकाला एकदोन ताडमाड, दुसऱ्या टोकाला एकदोन अगदी बुटकी. पावसाची वर्षं अशीच उभी करतात. डोंगराच्या पलीकडे आपलं एक पंपघर होतं. तिथल्या पर्जन्यमापकाची एक्केचाळीस वर्षांची नोंद माझ्यासमोर आली. सरासरी आठशे चाळीस मिलिमीटर. काही वर्षं हजाराच्या वर, बहुतेक सातशे ते नऊशेच्या मध्ये. त्या सगळ्यांवर एक वक्र बसवायचा. वक्रांचे ठरलेले साचे असतात; प्रसामान्य बसतो का बघायचं, गॅमा बसतो का बघायचं. ज्याचं माप नीट बसेल तो घ्यायचा. मग त्यावरून सांगायचं, की दहापैकी नऊ वर्षी किमान इतका पाऊस पडेल, त्या हिशेबाने तळं बांधा. आमचं काम एवढंच. ऐकायला सोपं आहे. पण त्या शेवटच्या आकड्यावर गावाने नळ सोडायचा असतो.

तर माझ्या फोटोत एक पोर फारच बुटकं निघालं. त्या वर्षीचा पाऊस तीनशेच्याही खाली. चाळीस वर्षं गॅमा वितरणात अशी बसत होती की शिंप्याने माप घेऊन शिवावं. हे एक वर्ष घातलं की जुळणीची चाचणी नापास. काढलं की पास. घातलं की नापास. मी तीन दिवस हेच करत बसलो होतो. शनिवारी परिषद होती. चार ठिकाणचे तज्ज्ञ येणार होते. माझं वय चौतीस, नुकतीच बढती मिळालेली, आणि अंगात जरा जास्तच वारं शिरलेलं.

मी त्या वर्षाची रोजची आकडेवारी काढली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, एकशे बावीस दिवसांत, सत्त्याण्णव शून्यं. सत्त्याण्णव! डोंगराच्या अलीकडच्या दोन केंद्रांवर त्याच वर्षी पाचशेच्या वर पाऊस होता. मग मी काय अनुमान काढलं असेल? जे कोणीही खुर्चीत बसलेला माणूस काढतो तेच. तिथला निरीक्षक कामचुकार. सकाळी साडेआठला मापकाजवळ जायचं, मोजपात्रात पाणी ओतायचं, आकडा लिहायचा, हे न करता घरी बसून शून्यं ओढली असणार.

आता इथे वहीकाकांची आठवण काढतो. जुन्या लोकांना आठवत असतील. अभिलेख कक्षाचे कारकून, सदा खोकत असायचे, पण कोणती वही कोणत्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगायचे. आज ते हयात नाहीत. माझ्यासमोर होता तो गोषवारा, म्हणजे मुख्यालयात उतरवून घेतलेला तक्ता. त्यात फक्त आकडे असतात. वहीकाका म्हणाले, "साहेब, मूळ वही मागवू का पंपघरातून? चार दिवसांत येईल." चार दिवस, म्हणजे परिषद उरकून गेली असती. मी म्हणालो, "कशाला? शून्यं काय, इथेही शून्य आणि तिथेही शून्यच." ते हसले नाहीत. मीच हसलो.

ते वाक्य मी विसरलेलो नाही. मी चुकलो असं म्हणून सुटता आलं असतं, चुका सगळ्यांच्याच होतात. पण मला विचारलं गेलं होतं, आणि मी नको म्हणालो होतो. का? कारण ती वही आली असती आणि त्यात काहीतरी निघालं असतं, अशी शंका मला होती. मनात कुठेतरी टोचत होतं. म्हणूनच मी ती मागवली नाही.

लाल पेन्सिलने ते वर्ष छेकलं. एक्केचाळीसची चाळीस झाली. आकडाही कसा गोल झाला! शनिवारी वक्र पडद्यावर लागला तेव्हा सभागृहातून 'वा' आली. थोरले साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत होता. तुम्ही एकट्याने विचारलंत, "हे मधलं एक वर्ष कुठे गेलं?" आठवतंय? आठवतंय म्हणताहेत. मी तीन मिनिटं उत्तर दिलं, आणि इतकं अवघड बोललो की शेवटी तुम्ही कंटाळून "बरं" म्हणालात. मग चहाच्या वेळी माझ्या पाठीवर थाप मारलीत. ती थाप मी फुकट घेतली साहेब.

आणि कागदावर छेकलं तेवढ्यावर थांबलो असतो तरी... नाही. मी टिपण लिहिलं. 'सदर केंद्राचा निरीक्षक अविश्वसनीय. शून्याच्या नोंदी जागेवर न जाता केलेल्या दिसतात. योग्य ती कार्यवाही व्हावी.' माणसाचं नाव बघितलं नाही, बाई की बुवा तेही बघितलं नाही. योग्य ती कार्यवाही झाली. महिन्याभरात त्या केंद्राचं काम काढून घेतलं आणि मापक उचलून नेला.

माफ करा. दार वाजलं म्हणून जरा... पाणी घेतो.

हं. तर वक्रावरून आकडा निघाला, दहापैकी नऊ वर्षी किमान सहाशे दहा मिलिमीटर. डोंगरापलीकडे तळं झालं. त्या बुटक्या वर्षाला फोटोत उभं केलं असतं तर आकडा पाचशे पस्तीसच्या आसपास आला असता. पंच्याहत्तर मिलिमीटरचा फरक. जेमतेम बोटभर, तीन इंच म्हणा. पण तो सगळ्या पाणलोटावर पसरून पाहा, म्हणजे गावाच्या वाट्याचे किती दिवस गेले ते कळेल.

अकरा वर्षांपूर्वी ते कळलंच. तळ्याच्या बांधावर तोवर स्वयंचलित यंत्र बसवलं होतं. त्या वर्षी यंत्राने आकडा दिला, तीनशे अकरा. यंत्रावर काही मला घरी बसून शून्यं ओढल्याचा आरोप करता येईना. तळं तळाला गेलं, आणि लागोपाठ तीन उन्हाळे गावात टँकर आले. आम्ही त्याच गावात राहतो. आमच्या गल्लीत रांग लागायची, मीही दोन बादल्या घेऊन उभा असायचो. पुढचा वेल्डिंगवाला एकदा चिडून म्हणाला, "कोणत्या शहाण्याने हे तळं आखलंय कोण जाणे, एकदा सापडला पाहिजे!" सगळे हो हो म्हणाले. मीही मान डोलावली. इतकंच नाही, मी वर म्हणालो, "नाही तर काय!"

हसा, हसा. आज मलाही हसू येतं. त्या दिवशी बादल्या घेऊन घरी आलो आणि जेवण गेलं नाही. मला त्याच दिवशी समजलं होतं की तीनशेच्या आसपासचं वर्ष डोंगरापलीकडे खरोखर येतं. म्हणजे आधीही आलं असणार, म्हणजे त्या पंपघरातल्या माणसाने खरं लिहिलं होतं. हे कळूनही मी काय केलं? अहवालात लिहिलं, 'अपवादात्मक वर्ष'. सही केली आणि पुढची फाइल घेतली. सव्वीस वर्षांपूर्वी मी गर्विष्ठ होतो, त्याला वयाची तरी सबब आहे. अकरा वर्षांपूर्वी मात्र मी नुसता भित्रा होतो. प्रमुख झालो होतो, पुस्तिकेत नाव छापलं होतं. डोळ्यांवर कातडं ओढून अकरा वर्षं रोज त्या बोळातून, त्या चौकटीखालून जात राहिलो.

चार महिन्यांपूर्वी ही आमची सहायक, जी मघापासून मला चिठ्ठी पाठवू का नको असा विचार करत उभी आहे, तिने जुन्या वह्या संगणकावर चढवायचं काम घेतलं. एक दिवस दुपारी ती केबिनमध्ये आली, हातात जाड, पाठीला उसवलेली वही. म्हणाली, "सर, एक विचारू? हे वर्ष आपण वगळलंय. निरीक्षक जागेवर गेला नव्हता, असं टिपण आहे. हे कशावरून ठरवलं?"

मी म्हणालो, "सत्त्याण्णव शून्यं आहेत, बघ की."

ती म्हणाली, "सर, शून्यं आहेत. पण शेराही आहे."

मूळ वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. गोषवाऱ्यात तो उतरवत नाहीत. मी उभ्या जन्मात तो वाचला नव्हता. परवानगी असेल तर आज तुम्हाला वाचून दाखवतो. वही आणली आहे.

'कोरडं. जाळीवर वाळलेलं पान, काढलं.' 'कोरडं. नरसाळ्यात कोळ्याचं जाळं. पुसून घेतलं.' दुसऱ्या दिवशी, 'कोरडं. कोळी पुन्हा आला. काढला.' तिसऱ्या दिवशी, 'कोरडं. पुन्हा कोळी. लांब नेऊन सोडला.' चौथ्या दिवशी, 'कोरडं. हा दुसरा कोळी दिसतो.' पुढे आहे, 'ढग आले होते. गेले. कोरडं.' 'धाकटीला ताप. शेजारणीपाशी ठेवून आले. कोरडं.' 'पाय मुरगळला आहे, दिराला सोबत घेऊन आले. कोरडं. मोजपात्र त्यांनी धरलं, आकडा मी वाचला.' असे सत्त्याण्णव शेरे आहेत. एकही दिवस मोकळा नाही.

घरी बसून कोणी कोळी लिहितं का हो?

मी ती वही मिटली आणि त्या पोरीला म्हणालो, "ठेव इथे, बघतो." ती 'बरं' म्हणून गेली नाही. उभी राहिली. म्हणाली, "सर, हे मी परत लावू का?" तुम्ही मघाशी म्हणालात की नव्या पिढीने माझ्याकडून शिकावं. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी असेल तर ते वाक्य मानपत्रातून काढून टाका.

तरीही मी तीन महिने आणि वर काही आठवडे घेतले. आधी निवृत्त होऊ, मग बघू, असा विचार होता. मी गेल्यावर कोणीतरी दुरुस्त करेल, माझ्या तोंडावर कोणी बोलणार नाही. इतका हिशेबी आहे मी. पण तेवढ्यात तळ्यावरून नव्या वसाहतीला पाणी द्यायची फाइल माझ्याकडे आली. शेवटची शिफारस माझी. सहाशे दहा धरून. सही केली असती तर अडीच हजार घरांना ते पाणी कबूल केलं असतं जे दर काही वर्षांनी तळ्यात असणारच नाही. पेन उघडून बसलो होतो. टोपण परत लावलं.

गेल्या आठवड्यात मी त्या निरीक्षकाला शोधत गेलो. निरीक्षक म्हणजे तिथल्या पंपचालकाच्या पत्नी. पंपघराच्या वसाहतीत त्यांना सगळे 'पाऊसबाई' म्हणायचे. सतरा वर्षं त्यांनी तो मापक सांभाळला. आता वय बहात्तर, लेकीकडे राहतात, खाली चपला दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं. मी म्हणालो, जलखात्यातून आलोय. त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षांनी? काय, मापकाची चावी राहिलीय का माझ्याकडे?"

मी सगळं सांगितलं. टिपण माझं होतं, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हातातलं फडकं घडी करत होत्या. पुन्हा उलगडायच्या, पुन्हा घडी करायच्या. मग म्हणाल्या, "साहेब, पाऊस असला की कोणीही जाईल मोजायला. भांडं भरलेलं असतं, मजा असते. कोरडं असताना जायचा कंटाळा येतो. मला यायचा. पण जायचे मी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नव्हतो. काल रात्रीपर्यंत ठरलं नव्हतं. त्यांचीच परवानगी घेऊन सांगतो. त्यांचे यजमान पहिल्या पाळीला, सकाळी सहाला पंपघरात जायचे. बाई सव्वाआठला निघायच्या. म्हणजे सतरा वर्षांत नवऱ्याने त्यांना मापकाकडे जाताना जवळजवळ कधी पाहिलंच नव्हतं. आमचं पत्र आलं, ते पंपघराच्या फळ्यावर लागलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "तू जायचीस ना गं?" बाई म्हणाल्या, "जायचे." ते "बरं" म्हणाले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

बाई मला म्हणाल्या, "ते चांगले होते हो. त्यांनी विश्वासही ठेवला असेल. पण विचारलं ना, साहेब."

वसाहतीतल्या पोरांनी पाऊसबाईची 'शून्यबाई' केली होती, हे मला लेकीने जिन्यात सांगितलं. बाईंनी ते सांगितलं नाही.

मी हात जोडून म्हणालो, बाई, माफ करा. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "माफी घेऊन मी काय करू? ठेवू कुठे ती? माझं वर्ष परत लावा."

घरी येऊन मी पत्नीला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात, आणि एकदाही घास अडला नाही?" अडला होता, पण ते तिला सांगण्यात काय अर्थ? ती म्हणाली, "जे सांगायचंय ते कागदावर लिहून टपालात टाकू नका. ज्या सभागृहात टाळ्या घेतल्यात, तिथेच बोला." म्हणून आज बोलतोय. आणि म्हणून ती मघापासून घड्याळ दाखवायची थांबली आहे.

आता अध्यक्ष महोदय, एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. नव्या वसाहतीची फाइल मी आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी सही करून आपल्या टेबलावर ठेवली आहे. शिफारस सहाशे दहाची नाही. एक्केचाळीस वर्षं धरून, खालच्या टोकाला नीट बसणारा वक्र घेऊन आकडा पाचशे पस्तीस काढला आहे. म्हणजे अडीच हजार घरांना पाणी कबूल करता येणार नाही, फार तर चौदाशेंना. उद्या आपल्याला वर बोलणी खावी लागतील. अध्यक्ष महोदय पाणी पिताहेत. प्या, साहेब. खापर माझ्यावर फोडा, मी लेखी दिलेलं आहे. जुनं टिपणही मागे घेतलं आहे, आणि मागे का घेतलं हे माझ्या हाताने, माझ्या सहीने लिहिलं आहे. पुस्तिकेतून माझा वक्र काढायचं पत्रही त्याच फायलीत आहे. सहायकेने नवा काढलाय. हा बघा. जरा बेढब आहे, डावीकडे शेपटी लांबली आहे. बोळात हा लावा. आणि ही चौकट मला द्याच, मी घरी नेतो. मला रोज दिसलेली बरी.

बाईंना मी आजच्या कार्यक्रमाचं सांगून आलो होतो. "बघते," म्हणाल्या होत्या. येतील असं मला वाटलं नव्हतं. मघाशी दार वाजलं आणि मी अडखळलो, ते त्यासाठी. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, लेकीसोबत बसल्या आहेत. कृपया सगळ्यांनी एकदम मागे वळून बघू नका, त्या अवघडतील. बघितलंतच. असो.

बाई, सगळ्यांसमोर सांगतो. तुमचं वर्ष आज परत लावलं. केंद्राच्या मुख्य नोंदीत, लाल पेन्सिलीच्या रेघेशेजारी, दोनशे अठ्ठ्याण्णव मिलिमीटर, नोंद विश्वसनीय, असं लिहून खाली सही...

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, तिकडे माइक नाही.

पॉइंट चार.

दोनशे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, म्हणताहेत.

नका हसू, थांबा. पोरी, ती वही दे इकडे. शेवटचं पान. बेरीज कुठे आहे... हो. दोनशे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बाईंच्या अक्षरात आहे. गोषवाऱ्यात उतरवताना पॉइंट चार खाल्ला होता, आणि माझ्या डोक्यात सव्वीस वर्षं तोच गोषवारा बसलेला आहे. म्हणजे आज, चूक दुरुस्त करायला बसलो तेव्हाही, मूळ वही टेबलावर असताना, शेरे वाचून झालेले असताना, आकडा मी पुन्हा तिथूनच उचलला. मान वर करायला जागा ठेवली नाहीत बाई, आणि ठेवायचं कारणही नाही.

मुख्य नोंदीची वही खाली आहे, ती कोणीतरी आणा. आत्ता, हो. कार्यालय साडेसहापर्यंत उघडं आहे आणि तोवर मी नोकरीत आहे. पेन आहे माझ्याकडे.

ती येईपर्यंत आभार मानून घेतो. अध्यक्ष महोदयांचे, ज्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. थोरल्या साहेबांचे, ज्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी योग्य प्रश्न विचारला होता. वहीकाकांचे, जिथे असतील तिथे. माझ्या सहायकेचे, जी 'बरं' म्हणून गेली नाही. पत्नीचे, लेकीचे, नातीचे. नातीला आज रात्री मला बरंच काही समजावून सांगावं लागेल, ती मघापासून माझ्याकडे टक लावून बघते आहे. इतकं सगळं ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे.

आली वही. लिहितो. पॉइंट चार. सही. तारीख. वेळ, सहा वाजून दहा मिनिटं. बाई, बरोबर आहे का, ते तुम्ही येऊन बघून घ्या. नाही, नको, तुमचे गुडघे दुखतात. मीच वही घेऊन येतो.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, वेळ तर जास्त घेतलाच आहे, तेवढं आपण मोठ्या मनाने पोटात घाला. बाकीचं पोटात घालण्यासारखं नाही, आणि ते मी मागतही नाही. चहाची सोय शेजारच्या खोलीत आहे. आपण सगळे पुढे व्हा. मला शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन यायचं आहे.

नमस्कार.